अण्णांच्या मोसंबीचा डिंक

बनुवन्संना नेवाशाच्या मळ्यातून भागूबाईचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे बरे असतील, दाजींची शुगर उतरली असंल. इकडं माणसं ठीक हायत, झाड न्हाई.

कैलासवासी मामंजींनी हातानं लावलेल्या मोसंबीच्या खोडातून डिंक गळतोय. तुमी दिवाळीला बघितलंत, म्हणालात, "अण्णा रडतायत," आणि नगरला निघून गेलात. तवापासून तुमचे भाऊ खोडाला कुंकू लावतात, बुंध्याशी मातीचा ओटा घातलाय, आणि रोज आंघोळ झाली की वर घागरभर पाणी. वन्सं, अण्णा उभ्या जन्मात कवा रडले? (आमाला रडवलं, ती गोष्ट येगळी.) शेवटी शेतकी सायबाला मी रस्त्यातनं धरून आणला. तो म्हणाला, हा डिंक्या, बुरशीचा रोग. बुंधा ओला ठेवाल तेवढा वाढंल. ओटा काढा, सडकी साल खरवडा, मोरचूद-चुन्याचं मलम लावा. ह्यांनी सायबाला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी दोन घागरी ओतल्या. म्हणे, "सायेब कालचा, अण्णा घरचे." आता शेजारच्या दोन झाडांना बी डिंक आलाय. तिथं कोण रडतंय, तुमचे चुलते? अशानं सगळी बाग जाईल. सकाळी इळा घेऊन गेले तर हे खोडाला मिठी मारून बसले. "माझ्या बापाची कातडी सोलतीस व्हय?" (एवढा संसार झाला, मला कवा अशी मिठी मारली न्हाई.)

तर आज मी खोड खरवडणार म्हंजे खरवडणार. मलम कालवून तयार हाय. (लोखंडात चालत न्हाई म्हणून प्लास्टिकची बादली घेतली. तुमच्या अंघोळीची. निळी झाली.) सांगायचं म्हणून लिहिते, इचारायला न्हाई.

तुमची भावजय,
भागूबाई

ता.क. चिठ्ठी आत्ता नगरला निघालेल्या अजिनाथच्या टेम्पोतून धाडते, जेवणाच्या आत हातात पडंल. घरातला मोबाईल ह्यांच्या खिशात असतो.

आणखी ता.क. हे अजून खोडाला टेकून बसलेत. जेवले बी न्हाईत. मला ओढून काढवंना. तुमच्या सपनात अण्णा नेहमी येतात. (मागं आले ते माझ्या आमटीला नावं ठेवून गेले.) आज जेवण झाल्यावर जरा पडा आणि त्यांना येऊ द्या. म्हणू द्या, "साल खरवडा, भागूच्याच हातनं. पाणी बुंध्याला नको, सावलीच्या कडंला द्या." उठल्या उठल्या ह्यांना फोन करा. झोप न्हाई लागली तरी सपन पडू द्या. कालवलेलं मलम उद्याला चालत न्हाई.