लाल घळींतील रविवार

रविवार, ७ एप्रिल १९६८

खेमराजने छापविलेला वृत्तांत चुकीचा आहे. गोंदियाच्या साप्ताहिकात तो आज आला. बालाघाटच्या बातम्या तोच पाठवितो, आणि तो माझा विद्यार्थी आहे हे सांगण्याची आज लाज वाटते. 'मदत केल्या गेली' — ही काय रचना! ते एक वेळ सोडून देतो. परंतु मजकूर? 'दि. २४ मार्च रोजी भोजराजजी घळीत पडले व वयोवृद्ध गुरुजींनी त्यांना पाठीवर घेऊन सडकेपर्यंत आणले.'

दिनांक ३१ मार्च होता. आणि माझ्या पाठीवर आता तांदळाची पिशवीही टिकत नाही. भोजराज तर राइस मिलमधला निवृत्त फिटर, माझ्या दीडपट वजनाचा!

घडले ते असे. हिवाळा लागला की चैत्रापर्यंत दर रविवारी आम्ही दोघे सायकलींनी राजेगावच्या सडकेने जातो, घळींच्या तोंडाशी पळसाखाली सायकली लावतो आणि पायी उतरतो. लोक हसतात. हसोत. पावसाने पोखरलेली ती तांबडी जमीन — माथ्यावर एकेक दगड धरून उभे राहिलेले मातीचे खांब, एकीतून दुसरी फुटणाऱ्या वाटा, त्यांतल्या पुष्कळशा आंधळ्या — निवृत्तीनंतर मला ती जितकी वाचावीशी वाटली, तितके कोणतेही पुस्तक वाटले नाही. तिसरी घळ नदीपर्यंत जाते की मध्येच मरते, हे आम्हांला कधीच कळले नव्हते. त्या दिवशी तेच पाहण्यासाठी भोजराज दरडीवर चढला. "गुरुजी, पाणी दिसून राह्यलं!" एवढे म्हणाला आणि दरडीसकट खाली आला. नडगी मोडली.

मी ओरडलो. वरच्या जंगलात टोल्यावरच्या, म्हणजे जवळच्या वाडीच्या, चार बाया मोह वेचीत होत्या, त्या धावत आल्या. पुढे मैनाबाई. दोन बांबू तोडले, मोह बांधायला आणलेले जुने लुगडे त्यांना बांधले, झोळी केली. आणि त्या अरुंद घळीतून त्याला आडवा-तिडवा करीत सडकेवर आणले. मी मागून काठी टेकीत. मैनाबाईची जीभ वाटभर चालू — "मास्तर, या खड्ड्याइत काय हरवलं जी तुमचं? दात पडले काय?" भोजराज कळवळताना हसला.

पुढे बैलगाडीने हाडवैद्याकडे. कामट्या, लेप. आता तो घरी खाटेवर आहे.

मी पाठीवर आणले म्हणे!

सोमवार, ८ एप्रिल

संपादकांना पत्र लिहिले. दिनांक, स्थळ, चारही नावे. मोह वेचण्यापूर्वी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुले स्वच्छ जमिनीवर पडतात. ते धरून एक वाक्य पुन्हा पुन्हा घडविले : 'वेचलेला मोह आणि पेटता पाला तसाच टाकून या स्त्रिया एका अनोळखी माणसासाठी धावल्या.' श्रेय ज्याचे त्याला मिळाले पाहिजे. स्टेशनवरच्या पेटीत टाकले.

मंगळवार, ९ एप्रिल

गुडघे. लिहिण्याजोगे काही नाही.

बुधवार, १० एप्रिल

भोजराजकडे गेलो. पत्राची हकीकत मोठ्या समाधानाने सांगितली. तो हसला नाही.

"तारीख बी लिहिली?"

"अर्थात."

"आन् पाला पेटता होता, ते?"

"ते तर त्यांच्या मोठेपणासाठीच लिहिले."

त्याने भिंतीकडे तोंड फिरविले. त्याची पत्नी तुळसाबाई चहा ठेवता ठेवता म्हणाली, "गुरुजी, तुमाले सारं जग शाळाच वाट्टे काय?"

मग त्याने सांगितले. तो पाला विझवायला कोणी उरलेच नव्हते. चौघीही झोळीपाशी. वारा सुटला आणि दुपारी आग सरकारी सागाच्या नव्या लागवडीत शिरली. जंगलखात्याचा नाकेदार आठवडाभर टोल्यावर चौकशी करतो आहे. बायांनी त्याला सांगितले आहे की त्यांनी एकतीसला जंगलात पाऊलही टाकले नाही, त्याच्या आदल्या रविवारी गेल्या होत्या.

"म्हून मी खेमराजले चोवीस सांगतलं. पाठीवरचं बी मीच सांगतलं. त्या पोराची काई चुकी नाही. बायाइचं नावच येऊ नये पेपरात, अशी सोय केलती मी. आन् तुमी — काहून जी?"

"धूर मी पाहिला होता," मी म्हणालो. "चैत्रात कुठला डोंगर धुमसत नाही?"

"त्या इझवाले थांबल्या असत्या तं मी तिथंच राह्यलो असतो." नंतर हळूच, "सिद्ध झालं तं केस होईल. वरून मोह बंद. अर्धं वरीस मोहावर काढतेत त्या."

असत्य ते असत्यच, असे मी म्हणालो. चहा तसाच राहिला.

गुरुवार, ११ एप्रिल

खेमराजकडे गेलो. त्याने वाकून नमस्कार केला. "गुरुजी, तुमचं पत्र तर छपाईले गेलं! संपादक लय खूश. म्हणाले, अशी भाषा आता कोण लिहिते!"

परत मिळेल का, विचारले. "आता कसं?" म्हणाला. माझ्याकडे नवलाने पाहू लागला. मी सायकल वळविली.

शुक्रवार, १२ एप्रिल

एकटाच घळींत गेलो. सायकल कमी चालविली, हातात धरून जास्त चाललो. आग दुसऱ्याच कोणी लावलेली असेल, ही आशा. त्या आशेनेच गेलो, हे कबूल करतो.

तसे नाही. बायांचा मोह ज्या झाडाखाली होता, तेथूनच काळा पट्टा निघतो. टोपल्यांच्या जळक्या कडा अजून पडल्या आहेत. पट्टा चढत चढत सागाच्या रोपांत जातो. रोपे काड्यांसारखी उभी. हात लावला तर मोडतात.

मग तिसऱ्या घळीत उतरलो. एवढे आलोच होतो. खाली वारा नाही. तांबड्या भिंती तापलेल्या. स्वतःचाच श्वास मोठ्याने ऐकू येतो. भोजराज जेथून कोसळला, तेथे दरडीला ताजा पिवळा घाव पडला आहे. त्याच्या बाजूने, हातापायांवर, अत्यंत अशोभनीय रीतीने वर चढलो. आणि दिसले! पुढे आणखी दोन वळणे, आणि त्यांच्या शेवटी वैनगंगेचे पाणी. भोजराजला खरेच दिसले होते. इतकी वर्षे शोधले, आणि पाहिले तेव्हा सांगायला शेजारी कोणी नव्हते. तेथेच बसून राहिलो.

रविवार, १४ एप्रिल

पत्र छापून आले. छपाईत एकही चूक नाही.

जयंतीची मिरवणूक भोजराजच्या दारावरून गेली. दर वर्षी निळा झेंडा घेऊन तोच पुढे असतो. यंदा त्याची खाट दारात आणून ठेवली होती म्हणे. मी गेलो नाही.

सोमवार, १५ एप्रिल

नाकेदार बाबूलाल आला. काखेत साप्ताहिक. मराठी त्याने कोणाकडून तरी वाचवून घेतले होते. माणूस सभ्य. बसायला सांगितले तरी उभाच राहिला.

"गुरुजी, मेरे लड़के को आपने पढ़ाया है. आपने लिखा है तो पक्का ही होगा. बस दो लाइन दे दीजिए, दस्तखत के साथ. इकतीस तारीख, और उन औरतों के नाम."

मी म्हणालो, पुन्हा पडताळून पाहावे लागेल.

"उसमें देखना क्या है? आप तो कभी गलत नहीं लिखते. सारा बालाघाट जानता है."

बुधवारपर्यंतची मुदत मागितली. त्याने दिली. दिली तीही आदराने. चाळीस वर्षांची कमाई अशी दारात येऊन उभी राहील, असे वाटले नव्हते.

मंगळवार, १६ एप्रिल

मैनाबाई आली. बाजाराला आली होती, वाट वाकडी करून आली. मी ओसरीवर खुर्ची दिली. ती खालीच बसली.

"मास्तर, नाव तं छापलं जी माहं! नवरा म्हणते, पेपरात आली, आता तूच घर चालव." स्वतःच हसली. "तुमी खरं लिहिलं. त्यात काय बोलाचं? दोस्ताचा पाय जुळून राह्यला ना?"

"हो. जुळतो आहे."

"मंग झालं. पर आमची नावं लिहाची काय गरज होती? आमाले बक्षीस पाह्यजे होतं काय?"

मी क्षमा मागू लागलो, तेही शब्द जुळविता जुळविता. तिने हाताने थांबविले. पदराचे टोक बोटाला गुंडाळले. मग विचारले,

"मास्तर, जेल किती दिवसाची रायते? लहान पोर संग ठेवू देतेत काय?"



बुधवार, १७ एप्रिल

आज बाबूलालला सही करून दिले. संपादकांनाही धाडले. नक्कल :

'माझ्या पत्रातील दिनांकांत चुका राहून गेल्या. वयोमानाने स्मृती दगा देते. शुद्ध दिनांक पुढीलप्रमाणे :

घळीतील अपघात — रविवार, २४ मार्च. श्री. खेमराज यांचा वृत्तांत बरोबर होता.

झाडाखाली पेटलेला पाला — तोही २४ मार्च. त्याच दिवशी माझ्यासमक्ष पूर्ण विझविण्यात आला.

रविवार, ३१ मार्च — सकाळपासून दिवे लागेपर्यंत मी श्री. भोजराज यांच्या घरी. मैनाबाई व तिच्या सोबतच्या तिघी त्या दिवशी तेथेच, रुग्णाच्या समाचाराला आल्या होत्या. त्यांच्यापैकी कोणीही जंगलात नव्हते.

वरील सर्व दिनांक मी स्वतः तपासले आहेत.'