काठावर राहिलेला

सांगली
१० एप्रिल २०२४

चि. सौ. मयूरीस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुझा दादा मध्ये मध्ये बोलतो आणि आपलं बोलणं राहूनच जातं, तेव्हा ही पत्रांची सवय मोडू नकोस. मेतकूट आणि हळदीचं पुडकं पोरांना पोचलं. मल्हारला खोकला झाला की ऋषिराज स्वतः हळद घातलेलं दूध त्याच्या नाकासमोर धरतो, दम्याचा पंप घेतलास का म्हणून पिच्छा पुरवतो. तुझा लेक वैतागलाय म्हणे. वैतागू दे. विमानतळावर मी ऋषीला बजावलंच होतं, मल्हार नाजूक आहे, त्याला सांभाळ, आपल्याला आत्याला तोंड दाखवायचंय.

आता गंमत ऐक. स्कॉटलंडात ऊन पडायला लागलंय, म्हणून विद्यापीठानं परदेशी मुलांना बसवून तळ्यातल्या पाण्याविषयी व्याख्यान दिलं. वर ऊन असलं तरी पाणी बर्फासारखं असतं, एकदम उतरू नका, वगैरे. आमचे चिरंजीव मागच्या बाकावर हसत होते. कृष्णेच्या पुरात पुलापासून घाटापर्यंत पोहत येणाऱ्याला तळ्याची कसली भीती, असं म्हणाला. मीही हसले. तुझा दादा तर दुकानात हळद घ्यायला येईल त्याला हेच ऐकवतोय.

मल्हारला म्हणावं, उन्हाला भुलून स्वेटर काढू नकोस. माया आहेच, ती पत्रातून पोचवत जा.

तुझी,
संयोगितावहिनी

सातारा
२ जून २०२४

ती. सौ. वहिनींना सा. न. वि. वि.

काय लिहू आणि कसं लिहू. ऋषीला त्या तळ्यानं नेलं, तो पेटीतून घरी आला, आपण त्याला निरोप दिला, आणि त्यानंतर तुम्ही माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. फोनही उचलत नाही. तुमचं चुकतंय असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो माझ्याही अंगाखांद्यावर वाढला होता, वहिनी.

मागू नये ते मागते आहे. मल्हार ऋषीबरोबर आला नाही, तिथंच खोलीचं दार लावून बसलाय. धड जेवत नाही, पंप घेत नाही. विद्यापीठातल्या समुपदेशक बाई रोज येऊन दार वाजवतात, हा कडी काढत नाही. हे त्याला आणायला निघालेत, पण व्हिसा अजून आलेला नाही. घरी ये म्हटलं की एकच म्हणतो, मामीसमोर कुठल्या तोंडानं उभा राहू. तुम्ही त्याला एकदा ये म्हणाल का? माझ्या सांगण्यानं तो येणार नाही. मीही त्याला गमावणार, अशी मला भीती वाटते.

रागवा, पण मला परकी करू नका.

तुमची,
मयूरी

सांगली
९ जून २०२४

मयूरी,

मला ते जमणार नाही.

तिथले डॉक्टर तुझ्या दादाला म्हणाले, असल्या गार पाण्यात उडी मारली की पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास कोंडतो, हातपाय चालत नाहीत. हेच तिथं पोरांना सांगितलं होतं आणि मी त्यावर हसले होते. ते माझं मी भोगते आहे.

पण मल्हार काठावर होता. ऋषीचे कपडे आणि घड्याळ जवळ घेऊन काठावर बसलेला सापडला, असं पोलिसांनी सांगितलं. माझं पोर बुडत होतं आणि तो काठावर होता. तुझं पोर दार लावून का होईना, आहे. ऋषीच्या चपला अजून आमच्या उंबऱ्याशी आहेत, मी कुणाला उचलू देत नाही. मला कुणाला ये म्हणायला सांगू नकोस.

संयोगिता

सातारा
१४ जून २०२४

ती. सौ. वहिनींना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी मल्हारला वाचून दाखवलं नाही. तू काठावर होतास का, एवढंच फोनवर विचारलं. मग पहिल्यांदाच तो सगळं बोलला. आजवर बोलला नाही, कारण मामीला वाटेल मी स्वतःची सुटका करून घेतोय.

ऋषी पाण्यात उतरला, थोडा पुढे गेला आणि त्याचे हात थांबले. मल्हार कपड्यांनिशी आत शिरला. त्याला पोहता येत नाही, हे तुम्ही जाणताच. छातीभर पाण्यात गेला आणि त्याला धाप लागली. ऋषीनं वळून पाहिलं आणि कसाबसा ओरडला, "मागं हो रं. आत्याला काय सांगू मी?"

त्यानंतर तो दिसला नाही. मल्हार मागं फिरला तो ऋषीनं सांगितलं म्हणून. काठावरून हाका मारून त्यानं माणसं गोळा केली, पण तोवर उशीर झाला होता.

यापुढे मी काही मागणार नाही. हे तुमच्यापर्यंत पोचायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

तुमचीच,
मयूरी

सांगली
१९ जून २०२४

चि. मल्हार यास मामीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांचा व्हिसा आला, म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. आधी त्यांच्यासमोर पंप घे. मग पुढचं वाच.

मी तुझ्यावर फार रागावले होते. तुझ्या आईला नको ते लिहिलं. मग तिचं पत्र आलं. तू लहानपणी सुट्टीत यायचास आणि घाटाच्या पायऱ्या उतरायला लागलास की ऋषी पाण्यातून अस्साच ओरडायचा, मागं हो रं. ते वाचलं आणि मला त्याचा आवाज ऐकू आला. पत्र तसंच हातात धरून मी रडले.

तुला सांभाळ असं त्याला मीच बजावलं होतं. स्वतः बुडताना तेवढं एक माझं पोर विसरलं नाही. त्याचं कौतुक करू की त्याच्यावर चिडू, मला समजत नाही.

खोटं कशाला सांगू, माझा राग पुरता गेलेला नाही. तू समोर आलास तर मी कदाचित तोंड फिरवीन. तरी ये. त्या बाई दार वाजवतील तेव्हा उघड, त्यांच्याशी बोल, चार घास खा. इथं आलास की उंबऱ्याशी ऋषीच्या चपलांशेजारी तुझ्या काढ.

त्यानं तुला मागं फिरवलं ते घरी येण्यासाठी. तू नाही आलास, तर ऋषीला मी काय सांगू?

तुझी वाट पाहणारी,
मामी