पाकिटावरचं शीत

बाबा,

लांबूनच तुमच्या पाया पडते. मी मजेत आहे. नवीन खोलीत सकाळचं ऊन येतं आणि खोकलाही गेला.

कामाचं विचारलंत म्हणून सांगते. आम्ही वनस्पतींमधल्या स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. एका खास प्रकाशात कच्च्या कणावर काळी फुली दिसते. कण नीट शिजला की फुगतो आणि फुली जाते. बटाट्याचे कण टपोरे, तांदळाचे अगदी बारीक.

तुमचं पत्र मिळालं. ‘भात आता तुझ्या आईसारखा जमतो, रोज गरम जेवतो,’ हे वाचून बरं वाटलं. पाकीट अजून भाताच्या शितानेच चिकटवता, हे पाहून हसू आलं. गंमत म्हणून ते वाळलेलं शीत खरवडलं, थेंबभर पाण्यात भिजवलं आणि काचेवर ठेवलं.

बाबा, फुल्याच फुल्या. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम शेजारीच होत्या. म्हणाल्या, “हा भात अर्धा कच्चाच आहे.” मी म्हटलं, “बाबांनी केलाय.”

आई गेल्यापासून तुमच्या पत्रात सगळं छानच असतं. असा भात खाऊन पोट दुखत नाही ना, खरं काय ते कळवा. तांदूळ अर्धा तास भिजवा, पाणी थोडं वाढवा आणि गॅस बंद केल्यावर लगेच झाकण उघडू नका. रविवारी तरी ताईकडे जेवायला जाता ना?

रागावले नाही. फक्त पुढचं पाकीटही शितानेच चिकटवा. गोंद लावलेला दिसला, तर मी काय ते समजेन.

तुमचीच,
धाकटी