पायाळूचा पाय

प्रिय मोठ्या बाई,

आज सकाळी तुमची लेक सुनंदा माझ्या ओसरीत येऊन पालथी झोपली. कापूस वेचताना पाठीत चमक भरली होती. "काकू, पाय लावा." मी लावला नाही. "माह्या आईले तं लावत होत्या! मग मले काऊन नाही?" ते उत्तर आधी तुम्हाला द्यायला हवं. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, म्हणून मी पायाळू. पायाळूने पाठीला पाय लावला की उसण पळते, हे अख्खं गाव मानतं. मीही देवाने दिलेला गुण समजत होते. पण तुम्ही थोरल्या जाऊबाई, सासूबाईंच्या मागे मला सासूच्या जागी. आधी तुमच्या पाठीला पाय लावायचा आणि लगेच तुमच्या पाया पडायचं! तुम्ही हसायच्या. "जोर लाव वं! नवऱ्यावर रागावली असशीन तं आज काढून घे!"

बीटी कपाशी आल्यावर बोंडं भरभरून फुटली, आणि कमरेला झोळी बांधून वाकायचे दिवस वाढले. पुढे अळी त्याही कपाशीत शिरली, तुमचं वाकणं काही सुटलं नाही. पाठ धरली की माझ्याकडे यायच्या, चार-आठ दिवसांत मोकळ्या. मग त्या वर्षी दुखणं का थांबलं नाही हो? संध्याकाळी अंग तापायचं. निजलं तरी ठणकायचं. दवाखान्याचं काढलं तर म्हणालात, "घरात पायाळू असताना डॉक्टर कायले?" मला तेव्हा बरं वाटलं, बाई. अभिमान वाटला.

आणि एक दिवस म्हणालात, "कुसुम, पायात मुंग्या येऊन राह्यल्या. चप्पल निसटते तरी समजत नाही."

मी काय म्हणाले? "चांगलं आहे बाई. दुखणं पायावाटे उतरून राह्यलं."

मॅट्रिक झालेली मी! आणि तुम्ही विश्वास ठेवलात. का ठेवलात?

खामगावच्या डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे पाहिला तोवर दोन्ही पाय गेले होते. मणक्याचा क्षय. खोकला नसला तरी होतो, म्हणाले. वेळेत आणलं तर औषधाने बरा होतो. आणि साधी उसण बहुतेकदा आपोआपच जाते. म्हणजे इतकी वर्षं माझा पाय काहीच करत नव्हता.

खाटेवर पाठीला जखमा होऊन तुम्ही गेलात. मी रडले नाही. आजही रडू येत नाही. तुळशीला पाणी घालते, दिवा लावते, हात जोडते. मागायचं काय, ते सुचत नाही.

सुनंदाला उठवून बसवलं. ताप येतो? पायात मुंग्या, बधिरपणा? लघवीला त्रास? सगळ्याला नाही म्हणाली. "काकू, डॉक्टरीण झाल्या काय?" मी शेक दिला. दिवसभर पडून राहू नको, थोडं थोडं चाल, झोळी अर्धी भरली की रिकामी कर, असं सांगितलं. पंधरा दिवसांत दुखणं थांबलं नाही तर दवाखाना. पाय जड वाटले तर त्याच दिवशी. ती रुसून गेली.

तुमच्या त्या मुंग्यांचं तिला ठाऊकच नाही ना. तेव्हा ती मलकापूरला सासरी होती, आता इथं राहायला आली आहे.

बाई, तुम्हाला वचन देते. उद्या ती कामाला निघायच्या आत तिच्या दारात जाईन, आणि मुंग्यांचं ऐकून मी तुम्हाला काय म्हणाले होते, ते जसंच्या तसं सांगीन. नंतर ती मला काकू म्हणेल की नाही, कोण जाणे. पण पुन्हा कुणापुढे पालथी झोपणार नाही.

तुमची धाकटी जाऊ,
कुसुम