धडकेची सरळ रेघ

३ मार्च, सोमवार
आजपासून शिस्त. रोज रोजनिशी, रोज व्यायाम, महिनाअखेर पेपर पूर्ण. व्यायाम उद्यापासून. आज कंबर धरली आहे.

दुर्बिणीचा डेटा आला. आकाशगंगांचे दोन प्रचंड समूह एकमेकांवर आदळतायत. मधला वायू इतका तापलाय की क्ष-किरण ओकतोय. पेपर छापून आला तर नोकरी कायम, नाही तर जूनमध्ये घरी. 'नाही तर'चा विचार बंद. तसाही थकलोय विचार करून.

५ मार्च, दुपारी
सापडली! चित्रात लख्ख रेघ. तिथे उजेड एकदम तुटलाय. धडकेची लाट, दुसरं काय! पट्टीने आखल्यासारखी सरळ. निसर्गसुद्धा किती नीटनेटका असतो.

शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईला (मनात मी तिला टाचणी म्हणतो) दाखवली. अभिनंदन राहिलं बाजूला. विचारते काय, एक्स्पोजर मॅपने भागलंस का. म्हणजे कॅमेऱ्याच्या कुठल्या भागाने आकाश किती वेळ पाहिलं, त्याचा नकाशा; चित्राला त्याने भागलं की कॅमेऱ्यामुळे आलेला कमी-जास्तपणा जातो. शेवटी भागतो म्हटलं. आधी शोध, मग झाडलोट. लोकांना दुसऱ्याचं बरं बघवत नाही.

८ मार्च
बायकोला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात मुख्य ग्रंथपालाची जागा मिळतेय. कधीपासून तिला हवी होती. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. तिला खुर्चीत बसवून रेघ दाखवली. म्हणाली, छान आहे, पण तुझं इथलं नक्की ना? नक्की म्हणजे, काळ्या दगडावरची रेघ, म्हटलं. तिने नोकरीचं पत्र घडी घालून पुस्तकात ठेवलं. पटलं असणार.

११ मार्च
त्याच समूहांचा, पहिल्या निरीक्षणानंतर महिन्याभराने, फेब्रुवारीत घेतलेला डेटा आज हाती आला. रेघ आहे! फक्त तिरपी झालीय. चहा घेतला. मग डोक्यात प्रकाश पडला: ती फिरते! फिरती लाट आजवर कुणी पाहिलेलीच नाही. पेपरचं शीर्षक बदललं.

टाचणी म्हणाली, महिन्याभरात दुर्बीणही फिरते. फिरेना का बापडी.

व्यायाम: जिना. उतरताना.

१३ मार्च
उद्या शेवटचा दिवस, काय कळवू, असं बायकोने विचारलं. बिनधास्त नाही कळव, म्हटलं. उद्याच विभागात माझं सादरीकरण आहे. विभागप्रमुख सर स्वतः येणार आहेत.

१४ मार्च, संध्याकाळी
सर चिडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, या धडका कोट्यवधी वर्षं चालतात. महिन्यात फिरतो तो आपला कॅमेरा. ही रेघ म्हणजे कॅमेऱ्याच्या दोन तुकड्यांमधली फट. भागायला विसरलास. टाचणीने माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे उपकार. बाहेर आल्यावर सर हळूच म्हणाले, जूनपर्यंत टेबल तुझंच.

टेबलावर येऊन भागून पाहिलं. रेघ गेली.

घरी आलो. बायकोने सकाळीच नकार कळवला होता. मला न सांगता तिने अर्धी पुस्तकं खोक्यांत भरली होती म्हणे. ती आता परत फळीवर लावत होती, गुणगुणत. कसं झालं, विचारलं. सरांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं, म्हटलं, आणि खोक्यातली पुस्तकं एकेक करून तिच्या हातात द्यायला लागलो. माझे डोळे बघून ती हसली. एवढा आनंद झाला का रे, म्हणाली.

हो म्हटलं.