बांधावरची गवताची माणसे

प्रेक क्रियल, ११ जानेवारी

चि. थिदा हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र व्हॅनवाल्या सारोमने सुक्या मासळीच्या वासासह सुखरूप पोहोचविले. तुझा उपग्रह अद्याप टपाल वाटत नाही, ही माझी तक्रार त्याच्या कानी घालावी.

उपग्रहाला ठावठिकाणा कळावा म्हणून तुम्ही ज्याच्या पाठीवर यंत्र बांधलेत, तो सारस आपल्या पाणथळीवर घिरट्या घालून न उतरताच का जातो, असे तू विचारतेस. पाणी पुरेसे, लव्हाळ्याचे कंद पुरेसे, असे उपग्रहाचे मत आहे. एवढा विद्वान उपग्रह. त्याला बांधावरची गवताची माणसे दिसू नयेत, हे नवलच. तुझ्या आईला नेणाऱ्या त्या तापानंतर घरोघरी टिंगमोंग उभे राहिले. एरवी ही बुजगावणी दाराशी उभी राहून रोगराई हाकलतात. परंतु ताप पाणथळीतून येतो, असा शोध शेजारच्या मिंग सोफीने लावल्यामुळे सर्वांची बदली बांधावर झाली. अंगात जुन्या विजारी, हातात लाकडी बंदुका आणि मुद्रा थेट सरकारी. ताप घाबरला की नाही, ठाऊक नाही, सारस घाबरले.

प्रकृती ठीक. भात मी स्वतः शिजवतो. भाताला ते मान्य नसावे.

तुझा, बाबा


नॉम पेन्ह, १६ जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

बुजगावणी! आणि आम्ही पाच शहाणे इथे नकाशापुढे बसून पाण्याचा रंग तपासतोय. हसून घ्या.

पण ऐका. महिनाअखेर जिल्ह्यात बैठक आहे. तोवर एकही सारस उतरला नाही, तर 'पक्ष्यांनी सोडलेली जागा' म्हणून पाणथळ कोळंबीच्या तळ्यांना देणार. आई संध्याकाळी बसायची तो बांधही जाईल. तुम्ही मास्तर आहात, गावाला समजवा.

आणि तिसऱ्यांदा विचारतेय, आईचा जांभळा सारोंग मला पाठवा. उशाशी हवाय. मागच्या दोन्ही वेळी तुम्ही उत्तरादाखल हवामान कळवलंत.

तुमची, थिदा


प्रेक क्रियल, २२ जानेवारी

चि. थिदा हीस आशीर्वाद.

विहारात गाव जमवून मी भाषण केले. माझे विद्यार्थी ऐकत असत तितक्याच लक्षपूर्वक सर्वांनी ऐकले. तिघे घोरत होते. मिंग सोफीने विचारले की, नातवाला ताप भरला तर मास्तरांच्या लेकीचा उपग्रह कपाळावर ओली पट्टी ठेवायला येणार आहे का. मग म्हणाली, आमची काय उपटायला सांगता, बांधाच्या टोकाला तुमची उभी आहे ती आधी काढा की. रोज तिच्याशेजारी जाऊन बसता, ते काय आम्हाला दिसत नाही?

मी त्यावर हवामानाविषयी बोललो.

बांधाच्या टोकावरच्या तिने काय नेसले आहे, ते तू ओळखले असशीलच. तापाचे भय मला नव्हते. कोणीतरी उभे असावे, एवढेच.

बाबा


नॉम पेन्ह, ३० जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

परवा नकाशावर सारसाचा ठिपका उतरला! बांधाच्या टोकाशी, सकाळपर्यंत हलला नाही. बैठकीत नकाशा मांडला, तेव्हा कोळंबीवाल्यांची तोंडं महिनाभर आंबलेल्या मासळीसारखी झाली. यंदापुरती पाणथळ वाचली.

बाबा, तुम्ही काढलंत ना? सारोंग नाही पाठवलात तरी चालेल.

थिदा


प्रेक क्रियल, ४ फेब्रुवारी

चि. थिदा हीस अनेक आशीर्वाद.

सोबत पुडके आहे. माझे मी काढले. मिंग सोफी बघत उभी होती. मग तिने आपले उपटले, मागोमाग साऱ्या रांगेचे विसर्जन झाले. संध्याकाळी तिने मासळीचे कालवण पाठविले, निरोपासह: मास्तरांचा भात पाहून कुठलाही रोग वेशीवरून परत फिरेल, बुजगावण्यांची गरजच काय.

सारोंग धुण्यास घेतला होता, धुतला नाही. घडीत गवताची काडी सापडल्यास झटकू नये.

आणखी एक. बांधाच्या टोकाला, सारसापासून थोडा दूर, संध्याकाळी एक म्हातारा बसतो. उपग्रहाला दिसल्यास त्याची नोंद बुजगावण्यांत करू नये. सारस त्याला घाबरत नाही.

लोभ आहे तसाच राहू द्यावा.

तुझा, बाबा