न्हाणीतल्या दांड्या

१० जानेवारी १९७१, रविवार

गोजराला पंधरा दिवसांत घरी सोडणार! दिवाळीनंतर आडावर पाय घसरून मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून बिचारी नगरच्या दवाखान्यात पायाला वजन लावून पडून आहे. डॉक्टर म्हणाले, न्हाणीत धरायला काहीतरी बसवून घ्या, पुन्हा पडल्या तर अवघड होईल. दवाखान्यातल्या न्हाणीत भिंतीला लोखंडी दांड्या आहेत, त्या मी निघताना बघून घेतल्या. म्हटलं, सोपं काम आहे.

एस.टी. शेवगावच्या रस्त्याला लागली आणि डोक्यात आलं — बसवायच्या कुठं?

११ जानेवारी

खरेदी-विक्री संघाच्या कचेरीतून सुटल्यावर लोहाराकडं गेलो. दोन दांड्या सांगितल्या. लांबी किती म्हणाला. हातभर. "कुणाच्या हातानं? तुमच्या का वैनीच्या?" खरंच की! उद्या सांगतो म्हणून परत आलो.

१२ जानेवारी

आज न्हाणीत जाऊन बसलो. कपड्यांसकट, कोरड्या दगडावर! एका अंगाला दार, एका अंगाला मोरी, समोर घंगाळ. गोजरा कुणीकडं तोंड करून बसत असेल? मी दाराकडं पाठ करतो. ती? तांब्या उजव्या हातात धरणार, म्हणजे मोकळा हात डावा. दांडी डावीकडं. पण मोडलेला पाय पण डावाच! उठताना सगळा भार उजव्या पायावर येणार, मग हात कुठला लावणार? एक पाय वर धरून उठून बघितलं. पडता पडता वाचलो. आणि ती एका हातात लुगडं धरणार, ते वेगळंच.

आमच्या लेकीचं, साळूचं लग्न झालं, पोर पण झालं तिला. इतका संसार केला. आणि ही बाई न्हाते कशी ते मला ठाऊक नाही. दार लावून आत जाते, केस पुसत बाहेर येते. बास, तेवढंच माहीत.

१४ जानेवारी, संक्रांत

तिसगावहून रतन आली. माझी धाकटी बहीण — बोलायला लागली की ऐकत नाही. न्हाणी बघून म्हणाली, "दादा, दाराजवळ लाव. बाईमाणूस पडतंय ते उंबऱ्यात." मग म्हणाली, "दांड्या तरी कशाला? मी ऱ्हाते म्हैनाभर. वैनीला मीच न्हाऊ घालीन." जीव हलका झाला! आता दांड्या नकोतच असं वाटतंय.

१७ जानेवारी, रविवार

रतनला घेऊन नगरला गेलो. गोजरा आधी हसली, तिळगूळ खाल्ला. रतन राहायचं म्हणाली तर एकदम — "नको. माझी मी न्हाईन." रतननं परत परत विचारलं. नकोच. रतन बाहेर व्हरांड्यात येऊन रडली. "मला परकी समजती वैनी."

निघताना गोजराला विचारलं, दांडी कुठं बसवू? तर म्हणते, "कुठंबी बसवा. आतली कडी हाताला आली पायजे." मी दांडीचं विचारतोय, ही कडीचं सांगते!

१९ जानेवारी

रतन तिसगावला गेली. एस.टी.त तोंड फिरवून बसली.

२१ जानेवारी

साळू आली राजूरहून, पोराला सासूपाशी ठेवून. आईला बघायला जीव तुटत होता तिचा. न्हाणीत गेली, खाली बसून हात टेकून बघितला. "आण्णा, दगडाच्या शेजारी, खाली. आई बसूनच न्हाणार की." हे पण पटलं. रतनचं पण पटलं होतं. सगळ्यांचंच पटतंय आणि माझंच मला कळेना झालंय.

२२ जानेवारी

बन्सी गवंडी आला. भिंतीवर कोळशाच्या खुणा — रतनची, साळूची, माझ्या दोन. म्हणाला, "भाऊसाहेब, एवढ्या ठिकानी फोडली तर भिंतीची चाळन व्हईल. एक काय ते सांगा." मी दहा वेळा आत-बाहेर केलं. शेवटी एक दाराजवळ, एक दगडाच्या डावीकडं, उभं राहून धरता येईल अशी. साळूचं नाही ऐकलं. का नाही ऐकलं कुणास ठाऊक. सिमेंट ओलं आहे.

२६ जानेवारी

गोजरा घरी आली! शेजारच्या बायका भाकरतुकडा ओवाळायला दारात. कुबड्यांवर कशीबशी उंबरा ओलांडला. खूप वाळली आहे.

२७ जानेवारी

कुबड्या घेऊन न्हाणीत गेली, कडी लावली. साळू म्हणत होती, मी येते आत. नाही! आम्ही दोघं दाराबाहेर कान देऊन उभे. पाण्याचा आवाज, मग काहीच नाही. "आई, दांडी धरली का?" "व्हय गं." परत पाणी. बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता, पण हसली.

नंतर आत जाऊन बघितलं. दोन्ही दांड्यांवर सिमेंटची धूळ तशीच. हात लागलेलाच नाही! मग उठली कशी?

२८ जानेवारी

विचारलं. "लई उंच बसवल्यात. मी भिंतीला पाठ लावून सरकत सरकत उठते." साळूनं माझ्याकडं बघितलं. बन्सीला परत बोलावलं.

३ फेब्रुवारी

दगडाजवळची खाली घेतली. आता धरते म्हणाली. साळू राजूरला गेली. घर गप्प.

१२ फेब्रुवारी

मांडी सुजली आहे. सांगत नव्हती. मी तेल लावून देतो म्हटलं तर तेलाची वाटीच हातातून काढून घेतली.

१५ फेब्रुवारी

नगरला नेलं. फोटो काढला. हाड जुळलेलं नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आता या पायावर भार टाकायचाच नाही, एकटं उठायचं नाही. पुढं बघू.

परत येताना एस.टी.त तिला सांगितलं. वाटलं, पायासाठी रडेल. शेताचं काय, चुलीचं काय, असं विचारेल. तिनं विचारलं ते एवढंच — "मग आता न्हायचं कसं?" आणि रडली. सगळी एस.टी. बघत होती.

१७ फेब्रुवारी

म्हटलं, रतनला बोलावतो, मी समजूत काढतो तिची. नको. शेजारच्या आक्काबाई येतील. नको. साळू? "पोरीला तर न्हाईच न्हाई!" ओरडली माझ्यावर. कधी ओरडली नव्हती. मी काय वाईट बोललो? न्हाणीत जाऊन उगाच दांडी ओढून बघितली. पक्की बसली आहे. तिचा उपयोग काय आता?

१९ फेब्रुवारी

ओल्या फडक्यानं तोंड पुसते, हात पुसते. मला खोलीबाहेर जायला सांगते. तिच्या अंगाला वास येतो, तिलाही कळतो. आज जेवली नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी म्हणाली, "तुमीच घाला. दुसरं कुनी नको." उचलून नेलं, पाटावर बसवलं. चोळी काढली. पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, भाजल्याचा जुना डाग. कातडी गोळा झालेली.

हे कधीचं, विचारलं.

"साळू पोटात हुती तवाचं. तुमी नगरला नोकरीला हुता. तुमच्या आईच्या हातचं हाय." मग म्हणाली, "घाला पानी. गार व्हतंय."